टेबलातला स्पीड आला तरी विमान उठत नाही: जुन्या प्रोपेलर एअरलाइनरच्या टेकऑफचं समस्या निवारण

हा प्रॉब्लेम मी माझ्या सिमवर (कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर) आणि मित्रांच्या सिमवर मिळून इतक्या वेळा निस्तरलाय की आता कोणी "अरे स्पीड आला तरी उठतच नाही" म्हटलं की मी दोनच गोष्टी विचारतो, वजन किती भरलंस आणि स्पीडचा काटा कुठल्या युनिटचा आहे. निम्मे लोक तिथेच गप्प होतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहितोय.

डीसी-३, डीसी-६, कॉन्स्टेलेशन, कॉन्व्हेअर, स्ट्रॅटोक्रूझर, पिस्टन इंजिनवाली सगळी जुनी प्रवासी विमानं यात आली. जेट उडवून आपल्याला सवय लागलेली असते, कॉम्प्युटरमध्ये वजन टाकलं की स्पीड आपोआप निघतात आणि स्क्रीनवर खुणा दिसतात. इथे तसलं काही नाही. इथे कुठल्यातरी टेकऑफ स्पीडच्या टेबलातून, म्हणजे तक्त्यातून, उचललेला एक आकडा असतो आणि लोक तो विमानाच्या नावासारखा पाठ करून बसतात, "डीसी-६ म्हणजे एकशे पंधरा" वगैरे. तो आकडा विमानाचा नसतोच. तो एका ठरावीक वजनाचा, ठरावीक फ्लॅपचा (पंखामागच्या, खाली येणाऱ्या झडपांचा) आणि पूर्ण पॉवरचा असतो. यातलं काहीही एक बदललं की तुम्ही दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाचा स्पीड वापरताय असं समजा.

आधी लक्षण ओळखा

सगळे "उठत नाही" म्हणतात पण त्यात चारपाच वेगवेगळ्या भानगडी असतात, आणि कुठली आहे ते कळलं की अर्धं काम तिथेच होतं.

- काट्यावर स्पीड आला, योक (विमानाचं स्टिअरिंग) पोटाशी ओढलं, तरी चाकं जमिनीलाच चिकटलेली.
- उठतं बरोबर स्पीडला, पण तो स्पीड यायलाच सगळा रनवे संपतो.
- टेबलाच्या आधीच उठतं, दोनचार फूट तरंगतं, परत आपटतं किंवा एक पंख खाली टाकतं.
- उठतं व्यवस्थित, पण वर जातच नाही, झाडांच्या उंचीवरून रांगत राहतं.
- काल नीट उठलं, आज नाही, मी काहीच बदललेलं नाही.

पहिलं आणि तिसरं लक्षण असेल तर आकड्यात, वजनात किंवा हाताळणीत घोळ आहे. दुसरं आणि चौथं असेल तर पॉवर कमी पडतेय किंवा काहीतरी मागे ओढतंय. शेवटचं लक्षण असेल तर हवामान नाहीतर जॉयस्टिक. "मी काहीच बदललेलं नाही" यावर मी तरी आता विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही.

खालच्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्यात. मधूनच उडी मारू नका, कारण शेवटच्या तपासण्यांमध्ये विमान बिघडवायची सोय आहे आणि पहिल्या तीनमध्ये नाही.

१. काटा नॉट्समध्ये आहे की मैलांत?

दहा सेकंदांचं काम. जुन्या अमेरिकन विमानांच्या कॉकपिटमध्ये बऱ्याचदा स्पीड मैल प्रतितास, म्हणजे एमपीएचमध्ये असतो, आणि टेबल मात्र कोणीतरी सोयीसाठी नॉट्समध्ये करून ठेवलेलं असतं. एक नॉट म्हणजे १.१५ मैल. डीसी-३ चा व्ही-टू (उठल्यावर हवेत सुरक्षित राहायचा स्पीड) साधारण ८४ नॉट्स धरतात, म्हणजे ९७ मैल. आता तुम्ही मैलांच्या काट्यावर ८४ आले म्हणून ओढलंत तर विमान खरं ७३ नॉट्सवर आहे. भरलेलं असेल तर हलणार नाही, हलकं असेल तर उठेल, पण एका इंजिनवर सरळ ठेवता येतं तो किमान स्पीड, व्हीएमसी, ७७ नॉट्सच्या आसपास आहे, त्याच्याही खाली तुम्ही हवेत. त्या क्षणी एक इंजिन गेलं तर रडर (शेपटीचं डावीउजवीकडे वळवणारं पातं) पूर्ण दाबूनही विमान वळतच राहणार.

काट्याच्या डायलवर बारीक अक्षरात युनिट लिहिलेलं असतं, झूम करून वाचा. काही ॲड-ऑनमध्ये (सिमवर वेगळ्या बसवलेल्या विमानांत) एकाच विमानाच्या दोन लिव्हरीजमध्ये, म्हणजे रंगसंगतींमध्ये, दोन वेगळ्या युनिटचे काटे असतात, तिथे तर हमखास फसायला होतं. बाहेरच्या कॅमेऱ्यात खाली जो स्पीड दिसतो तो बहुतेक वेळा नॉट्समध्ये असतो, त्यामुळे आत एक आणि बाहेर एक असा आकडा दिसला तर घाबरू नका, उलट तोच पुरावा आहे.

एफएसएक्स (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स) वापरणाऱ्यांसाठी अजून एक. रिअलिझमच्या सेटिंगमध्ये काट्यावर इंडिकेटेड स्पीड (हवेच्या दाबावरून मोजलेला) दाखवायचा की ट्रू स्पीड (हवेतला खरा वेग), असा पर्याय आहे. ट्रू निवडला गेला असेल तर समुद्रसपाटीला काहीच कळत नाही, पण उंचावरच्या विमानतळावर काटा जास्त दाखवतो आणि तुम्ही लवकर ओढता. इंडिकेटेडच ठेवा. पंखाला इंडिकेटेडच कळतो, टेबलंही त्यातच असतात.

२. वजन

सगळ्यात जास्त केसेस इथल्या. कारण सोपं आहे, सिममध्ये विमान लोड झालं की त्यात डेव्हलपरने ठेवलेलं कुठलंतरी डीफॉल्ट वजन असतं, कधी टाक्या पूर्ण भरलेल्या तर कधी रिकामं पॅसेंजर केबिन, आणि आपण ते उघडून बघतच नाही.

वजनाचा आणि स्पीडचा संबंध वर्गमुळाचा आहे. वजन चौपट तर लागणारा स्पीड दुप्पट. रोजच्या वापरासाठी एवढं लक्षात ठेवा, वजन दहा टक्के कमी केलं की स्पीड साधारण पाच टक्के कमी लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रोपेलर एअरलाइनरच्या वजनाचा पल्ला प्रचंड असतो. डीसी-६बी रिकामं ५५ हजार पौंडांच्या आसपास आणि त्याचं कमाल टेकऑफ वजन १,०७,००० पौंड, म्हणजे जवळजवळ दुप्पट. समजा तुमच्या टेबलात कमाल वजनाला ११८ नॉट्स दिलेत, हा आकडा नुसता उदाहरणाला घेतलाय, तर ७५,००० पौंडाला तेच गणित ९९ नॉट्सवर येतं. एकोणीस नॉट्सचा फरक! हलकं विमान ११८ पर्यंत जमिनीवर दाबून धरलं तर ते नाकाच्या चाकावर उड्या मारत, डावीउजवीकडे सरकत पळतं आणि माणूस म्हणतो की फ्लाइट मॉडेल भिकार आहे.

हे गणित खालच्या टोकाला मात्र ताणू नका. अगदी हलक्या विमानाला टेबलातला आकडा एका पातळीखाली जात नाही, कारण तिथे उचलण्याचा प्रश्न उरत नाही, व्हीएमसीचा येतो. टेबलात खालच्या दोनतीन वजनांना एकच स्पीड दिसला तर ती छपाईची चूक नाही.

वजन तपासताना तीन ठिकाणी लोक पडतात. एक म्हणजे किलो आणि पौंड. सिम किलोमध्ये दाखवतंय आणि टेबल पौंडात, डीसी-३ चे २५,२०० पौंड म्हणजे ११,४३० किलो, हा आकडा डोक्यात ठेवा म्हणजे बघितल्याबरोबर खटकेल. दुसरं, इंधन. ही इंजिनं पेट्रोलवर चालतात, ॲव्हगॅसवर, आणि त्याचा एक अमेरिकन गॅलन सहा पौंडांचा. जेट इंधनाचा साधारण ६.७. फ्लाइट प्लॅनिंगचं टूल जेटच्या हिशोबाने बसलेलं असेल तर ४,००० गॅलनमागे २,८०० पौंड चुकतात. तिसरं, ब्रिटिश मॅन्युअल असेल तर गॅलन इम्पीरियल, त्याचा ॲव्हगॅस ७.२ पौंड.

वजनाबरोबर सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीही (सीजी, म्हणजे वजनाचा तोल कुठे आहे ते) बघून घ्या. स्लायडर हलवताना सगळा माल पुढच्या कप्प्यात गेला असेल तर नाक जड होतं आणि योक पूर्ण ओढूनही ते उचललं जात नाही. हे पहिलं लक्षण अगदी हुबेहूब. माल मागच्या कप्प्यात सरकवून परत करून बघा, एका मिनिटात उत्तर मिळतं.

३. वारा आणि गरमी

लाइव्ह वेदर चालू असेल तर आधी वारा बघा. ८५ नॉट्सला उठणाऱ्या विमानाला मागून दहा नॉट्सचा वारा असेल तर जमिनीवर त्याला ९५ गाठावे लागतात, आणि पळायचं अंतर वर्गाच्या हिशोबाने वाढतं, जवळपास २५ टक्के. तेच समोरून दहा असेल तर अंतर वीसबावीस टक्के कमी. म्हणजे एकाच रनवेच्या दोन टोकांमध्ये एवढा फरक. "काल उठलं आज नाही" वाल्यांनी इथे थांबून विचार करावा.

मग उंची आणि तापमान. अमेरिकेतला डेन्व्हरचा विमानतळ ५,४०० फुटांवर आहे. तिथे दुपारी ३० डिग्री असेल तर हवा साडेआठ हजार फुटांवर असते तेवढी विरळ होते. काट्यावरचा स्पीड तोच राहतो, तो बदलायचा नाही, पण खरा वेग १३-१४ टक्के जास्त लागतो आणि नुसत्या त्यामुळे धाव तीसेक टक्क्यांनी लांबते. इंजिनाची पॉवर कमी होते ते वेगळंच. त्यामुळे दुसरं लक्षण अशा विमानतळावर आलं तर तो बिघाड नाहीच, विमान बरोबर वागतंय. वजन कमी करा किंवा सिममधली वेळ पहाटेची करा. बोलिव्हियातल्या ला पाझच्या एल आल्तो विमानतळाला, १३,३०० फुटांवर, भरलेलं डीसी-३ घेऊन जाणाऱ्यांना मी काही बोलत नाही, हौस असते.

४. फ्लॅप, ट्रिम आणि विसरलेली कुलुपं

डीसी-३ ला नेहमीच्या टेकऑफला फ्लॅप शून्य. डीसी-६ ला वीस डिग्रीच्या आसपास. कॉन्स्टेलेशनचा फ्लॅप टक्क्यांत असतो, टेकऑफला ६० टक्के, आणि लोक तो डिग्री समजून "साठ डिग्री फ्लॅप लावून कोण टेकऑफ करतं" म्हणत निम्म्यावर आणतात. टेबलाच्या डोक्यावर कुठला फ्लॅप लिहिलाय तो वाचायचा, आणि लिव्हरवर विश्वास ठेवायचा नाही, फ्लॅपचं गेज बघायचं. हायड्रॉलिक प्रेशर नसेल तर लिव्हर खाली आणि फ्लॅप वरच, हे होतं.

एलिव्हेटर ट्रिम (नाक वर-खाली धरून ठेवायची सेटिंग) मागच्या लँडिंगचा तसाच राहिलेला असतो. त्यात हार्डवेअरचं ट्रिम व्हील असेल तर सिम सुरू झाल्यावर ते व्हील जिथे आहे तिथे ट्रिम उडी मारतो. टेकऑफच्या खुणेवर आणा.

ऑटोपायलट. जुन्या ऑटोपायलटची लिव्हर इकडेतिकडे कुठेतरी असते, चालू राहिली तर योक तुम्ही ओढता आणि तो धरून ठेवतो. आणि गस्ट लॉक, पार्क केलेल्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप. बोइंगचं मॉडेल २९९ हे बॉम्बर ३० ऑक्टोबर १९३५ ला राइट फील्डवर याच कुलपामुळे उडाल्याउडाल्या कोसळलं आणि त्यातूनच पायलटांच्या चेकलिस्टची पद्धत रुजली, तेव्हा आपण सिममध्ये विसरलो तर फार लाजू नये. काही विमानांत लॉक लागलेलं असेल तर थ्रॉटल पूर्ण पुढे जातच नाही, म्हणजे दोन लक्षणं एकदम. योक चारी बाजूंना फिरवा आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून शेपटी खरंच हलतेय का ते बघा, योक हललं म्हणजे शेपटी हलली असं नाही.

५. हाताळणी, म्हणजे आपण स्वतः

इथे जरा थांबतो, कारण हे कोणी सांगत नाही.

जेटवाले व्ही-आर शोधतात, रोटेट म्हणायचा स्पीड. त्या काळच्या अमेरिकन नियमांत व्ही-वन (टेकऑफ सोडायचा की चालू ठेवायचा हे ठरवायचा स्पीड) आणि व्ही-टू एवढेच होते, व्ही-आर हा प्रकार जेट आल्यावर, १९५० च्या दशकाच्या शेवटी आला. त्यामुळे डीसी-६ च्या टेबलात दोनच आकडे दिसले की माणूस व्ही-टूलाच रोटेट समजतो, तोवर नाक खाली दाबून धरतो, आणि व्ही-टूला एकदम खेचतो. व्ही-टू हा हवेत सुरक्षित राहायचा स्पीड आहे. त्याच्या थोडं आधीपासूनच नाकाच्या चाकावरचं वजन हलकं करत आणायचं, योकवर नुसता मागे दाब, म्हणजे व्ही-टूच्या आसपास विमान स्वतःच सुटतं. खेचावं लागत असेल तर वरचं काहीतरी चुकलंय.

डीसी-३ ची गंमत वेगळी. शेपटीचं चाक असल्याने उभं असतानाच नाक वर असतं. शेपटी खालीच ठेवून पळालात तर पंख आधीच मोठ्या कोनात आहे, विमान व्हीएमसीच्या खालीच जमीन सोडतं, ग्राउंड इफेक्टच्या (जमिनीलगत मिळणाऱ्या जादा उचलीच्या) गादीवर तरंगतं आणि त्यातून बाहेर पडलं की बसतं. हे झालं तिसरं लक्षण. याच्या उलट, शेपटी उचलल्यावर योक पुढेच दाबून ठेवलं आणि नाक जमिनीकडे झुकलं तर पंखाचा कोन जवळपास संपतो, मग काट्यावर शंभर मैल आले तरी ते पळतच राहतं. हे झालं पहिलं. शेपटी आपोआप हलकी होऊ द्या, विमान जवळजवळ आडवं झालं की योक पुढे दाबणं सोडा, चाकांवर पळू द्या, आणि ८४ नॉट्सच्या सुमारास अगदी थोडं मागे घ्या. कॉकपिटमधून नजरेचा अंदाज चुकतो कारण सिममधला कॅमेरा प्रत्येकाने आपापल्या सोयीने वरखाली केलेला असतो, म्हणून होरायझनचं गेज बघा.

डावीकडे ओढत असेल तर ते नॉर्मल आहे, रडर द्या. ब्रेक मारून सरळ करत बसलात तर धाव वाढणारच.

६. ब्रेक खरंच सुटलेत का?

ही माझी स्वतःची जखम आहे. नवीन पेडल आणली होती, लावली, आणि त्या दिवसापासून माझं कॉन्व्हेअर रनवेभर कण्हत जायचं. मी हुशार, मी सरळ विमानाची फाइल उघडली आणि फ्लॅपची लिफ्ट वाढवत बसलो, दोन संध्याकाळी. शेवटी विमान साठ नॉट्सवर पतंगासारखं उठायला लागलं आणि मला वाटलं जमलं. मग एका मित्राने सहज विचारलं, थ्रॉटल बंद असताना ते जागचं सरकतं का? नव्हतं सरकत. पेडलच्या ब्रेकचा ॲक्सिस (पेडलची हालचाल सिमला कळवणारी जोडणी) उलटा होता, पाय न लावता ब्रेक अर्धे दाबलेले. मूळ फाइलची कॉपी ठेवलेली नव्हती, सगळं परत इन्स्टॉल.

तर, पार्किंग ब्रेक सोडा, पॉवर किंचित द्या, विमान सहज सरकायला लागलं पाहिजे. कंट्रोलच्या स्क्रीनवर दोन्ही टो ब्रेकची पट्टी पाय न लावता शून्यावर आहे का बघा. एफएसएक्समध्ये खाली डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरं येतात ब्रेक लागले की, तिथे लक्ष ठेवा. ॲक्सिस उलटा असेल तर रिव्हर्सचा टिक लावा, थोडा डेडझोन द्या. आणि तोच ॲक्सिस दुसऱ्या कुठल्या डिव्हाइसलाही जोडलेला नाही ना ते बघा, सिम नवीन डिव्हाइस दिसलं की स्वतःच काहीबाही जोडून टाकतं.

७. इंजिनं पूर्ण पॉवर देतायत का?

आता आलो दुसऱ्या आणि चौथ्या लक्षणाच्या घरात. थ्रॉटल पुढे ढकललं म्हणजे पॉवर आली असं या इंजिनांत नसतं. गेज वाचायची. डीसी-३ च्या आर-१८३०-९२ इंजिनाला टेकऑफला २,७०० आरपीएम आणि ४८ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), तेव्हा कुठे १,२०० हॉर्सपॉवर. यातलं काय कमी आहे त्यावरून दोषी सापडतो.

आरपीएम कमी असेल तर प्रॉप लिव्हर (प्रोपेलरचा फिरण्याचा वेग ठरवणारी) पुढे नाही. तुमच्या जॉयस्टिकला प्रॉपचा ॲक्सिसच नसेल तर लिव्हर अर्ध्यावर अडकून राहते, मी हे निदान डझनभर वेळा तरी केलंय. मॅनिफोल्ड प्रेशर कमी असेल तर थ्रॉटलचा ॲक्सिस शंभर टक्के जात नाहीये, किंवा तुम्ही उंचावर आहात आणि सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर) कमी पडतोय.

दोन्ही बरोबर असूनही विमान ओढत नाही? तेव्हा डीसी-६ सारख्या विमानात बीएमईपीचं गेज कामाला येतं, ते इंजिन खरोखर किती टॉर्क देतंय ते सांगतं. मॅनिफोल्ड ठीक आणि बीएमईपी कमी म्हणजे हवा आत जातेय पण काम होत नाहीये. मग हे बघा: मॅग्नेटोची (स्पार्क देणाऱ्या यंत्राची) चाचणी करून स्विच एकाच बाजूला राहिला का, कार्ब्युरेटर हीट चालू राहिली का, ब्लोअर हायवर आहे का. हाय ब्लोअर हा उंचावर वापरायचा, खाली तो फिरवण्यातच इंजिनाची ताकद जाते. मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) ऑटो रिचला हवं. खऱ्या विमानाचं कार्ब्युरेटर उंचीप्रमाणे मिश्रण स्वतः जुळवतं, पण साध्या सिम मॉडेलमध्ये ती सोय नसते, तिथे उंचावरच्या विमानतळावर हाताने लीन, म्हणजे पातळ, करावं लागतं.

वॉटर इंजेक्शन हा वेगळाच विषय आहे, त्यावर थोडं. डीसी-६बी चं आर-२८००-सीबी१६ इंजिन पाणी-मेथनॉलसकट २,४०० हॉर्सपॉवर देतं आणि त्याशिवाय २,०५०. पंधरा टक्के पॉवर तिथेच गेली. टेबल बहुतेक वेळा पाण्यासकटचं असतं, म्हणून टाकीत पाणी आहे का आणि पंप चालू आहे का बघा. त्यामागची गोष्ट अशी की कोरड्या टेकऑफला सिलिंडर थंड ठेवायला जास्तीचं पेट्रोल ओतावं लागतं, पाणी आलं की ते काम पाणी करतं आणि मिश्रण पातळ करून पूर्ण ताकद काढता येते. पाणी नसताना ओल्याचं मॅनिफोल्ड प्रेशर मारलंत आणि ॲड-ऑनमध्ये डॅमेज चालू असेल तर डिटोनेशन (पेट्रोलचा अवेळी भडका) होऊन सिलिंडर जातील.

चारी इंजिनं एकसारखी आहेत का हे बघायचा जुना आणि छान उपाय म्हणजे इंजिन सुरू करण्याआधी मॅनिफोल्डचं गेज जो आकडा दाखवतं, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, तेवढ्याच दाबावर प्रत्येक इंजिन आणून आरपीएमची तुलना करायची. एखादं मागे पडत असेल तर आजारी तेच.

काऊल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या त्याच्या आवरणाच्या झडपा) जमिनीवर पूर्ण उघडे ठेवतात पण टेकऑफला तसेच राहिले तर चढताना छत्री उघडून पळाल्यासारखं होतं. चौथं लक्षण बऱ्याचदा एवढंच असतं.

८. जॉयस्टिक कॅलिब्रेशन

वरचं सगळं करून झालं असेल तरच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्क्रीनवर थ्रॉटल, प्रॉप आणि एलिव्हेटर दोन्ही टोकांपर्यंत जातात का बघा. एलिव्हेटरची कर्व्ह फार मऊ केलेली असेल तर बरंच ओढूनही सुरुवातीला फारसं काही हलत नाही. कधी आकडा पूर्ण जातो पण मध्येच थरथरतो, ते पोटेन्शिओमीटर झिजल्याचं लक्षण.

९. ॲड-ऑनची झीज आणि बिघाड

काही ॲड-ऑन मागच्या फ्लाइटमधली इंजिनांची अवस्था जपून ठेवतात. आठवड्यापूर्वी तुम्ही तापवलेलं इंजिन आजही तसंच आहे. मेंटेनन्सचं पान उघडून रिपेअर करा किंवा विमान नव्यासारखं रीसेट करा. आणि पिटो हीट (स्पीड मोजणाऱ्या नळीचा हीटर) बंद असताना बर्फाळ हवेत बसून राहिलात तर काटाच गोठतो, मग स्पीड येतच नाही असं वाटतं पण विमान कधीचंच पळतंय.

कुठे थांबायचं

एवढ्यावर मी हात बांधतो आणि तुम्हीही बांधा. यापुढे असते ती विमानाची कॉन्फिग फाइल, त्यात फ्लॅपचे लिफ्ट आणि ड्रॅगचे स्केलर, रेफरन्स स्पीड वगैरे. ते बदलून टेकऑफ सुधारतो आणि अप्रोच, स्टॉल, क्रूझ तिन्ही बिघडतं, कारण तोच पंख सगळीकडे आहे. मी केलंय म्हणून सांगतोय. पुढच्या अपडेटमध्ये ते पुसलंही जातं. विकत घेतलेल्या बऱ्याच विमानांच्या फाइल तर एन्क्रिप्टेडच असतात, त्या उघडण्याच्या नादाला लागू नका.

त्यापेक्षा आधी सिमसोबत आलेलं एखादं साधं विमान त्याच रनवेवरून, त्याच हवेत उडवा. तेही उठत नसेल तर दोष तुमच्या सेटअपमध्ये आहे, परत सहाव्या आणि आठव्या तपासणीकडे जा. ते नीट उठलं आणि हेच एक अडलं, तर काम ॲड-ऑनच्या डेव्हलपरचं, त्यांच्या सपोर्टला लिहा. पोटेन्शिओमीटर गेलेला असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर डिव्हाइस उघडू नका, सर्व्हिसला द्या. वॉरंटी संपलेली असेल आणि सोल्डरिंग येत नसेल तर येणाऱ्याकडे द्या. आणि इथले स्पीड सिमचे आहेत. खऱ्या डीसी-३ मध्ये बसायचा योग आला तर त्या विमानाचं मंजूर मॅन्युअल आणि शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर, दुसरं काही चालत नाही.

सपोर्टला लिहिताना "उठत नाही" एवढं लिहिलंत तर तेही वजन आणि युनिटच विचारतील आणि दोन दिवस जातील. सिमचं आणि ॲड-ऑनचं व्हर्जन, एकूण वजन आणि सीजी, रनवे, वारा, तापमान, फ्लॅप, प्रत्येक इंजिनाचं आरपीएम आणि मॅनिफोल्ड प्रेशर, आणि चाकं सुटली तेव्हा काट्यावर काय होतं ते द्या. एक्स-प्लेन हे सिम असेल तर डेटा आउटपुटमधून हे बरंचसं स्क्रीनवर आणता येतं. स्क्रीनशॉट पॅनलचा जोडा, सगळी गेज वाचता येतील असा, बाहेरून सूर्यास्तात चमकणाऱ्या विमानाचा नको.